आटा चुकला की कोन? स्पिंडल एन्कोडरचा दोष शोधताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हाती एक छान 'निष्कर्ष' लागला होता. सीएनसी लेथवर आटे पाडताना होणारं कंपन मी स्पिंडलच्या कोनाशी जोडून मोजत होते. वेग वाढवला की कंपनाचं शिखर कोनात मागे सरकायचं आणि जरा पसरायचं. सहा आठवडे मोजमाप केलं, मसुदाही लिहायला घेतला. मग कळलं, सरकत होता तो माझा शून्य कोन.

स्पिंडल किती फिरला हे कंट्रोलरला एन्कोडर सांगतो. आमचा एन्कोडर फेरीला १०२४ पल्सचा. त्यात ए आणि बी हे दोन सिग्नल एकमेकांपासून ९० अंशांनी सरकलेले असतात, त्यामुळे दिशा कळते आणि दोन्हींच्या कडा मोजल्या की फेरीला ४०९६ काउंट मिळतात. तिसरा झेड सिग्नल फेरीत एकदाच येतो. आटे पाडताना प्रत्येक पासची सुरुवात कंट्रोलर या झेडवर पकडतो आणि पुढे काउंट बघत टूल सरकवतो.

आता हेच नीट लक्षात ठेवा, कारण दोष ओळखायची किल्ली इथेच आहे. पास सुरू होण्याची जागाच बदलतेय, दुसरा पास पहिल्या आट्यावर न बसता शेजारी कापतोय, तर संशय बेल्ट किंवा कपलिंगवर घ्या. एन्कोडर बरोबर मोजतोय, पण तो आणि स्पिंडल यांचं नातं सुटलंय. याउलट सुरुवात जागेवर आणि पिच मात्र चुकते, तर काउंट गळताहेत किंवा जास्तीचे येताहेत. फेरीला ६ काउंट गळले तर चूक साधारण ०.१५ टक्के. २ मिमी पिचचा १०० मिमी लांब आटा सुमारे ०.१५ मिमीने आखूड येईल. छोट्या जॉबवर हे डोळ्यांना दिसतही नाही!

(एक फसवा प्रकारही आहे. पासच्या मध्ये आरपीएम बदलला तरी सुरुवात सरकते, कारण टूलला वेग पकडायला वेळ लागतो. तो दोष नव्हे, ऑपरेटरची घाई.)

मी काय केलं? आधी ड्राइव्ह बंद करून स्पिंडल हाताने फिरवला. दोन झेडच्या मध्ये दरवेळी ४०९६. मग ३०० आरपीएमवर चालवला, तेव्हाही ४०९६. १५०० वर मात्र ४०८८ ते ४०९३, दर फेरीला वेगळा आकडा. आकडा दोन्ही बाजूंना उडत असता, ड्राइव्ह सुरू होताच बिघडत असता, तर मी मोटरच्या केबलमधून येणारा नॉइज आणि शील्डचं अर्थिंग तपासलं असतं. इथे फक्त गळती होती आणि ती वेगाबरोबर वाढत होती. म्हणजे सिग्नलच अशक्त.

एन्कोडरला ५ व्होल्ट लागतात. कंट्रोलरच्या टोकाला मल्टिमीटरने ५.०२ दाखवले आणि मी समाधानाने उठणार होते. वर्कशॉपमधले काका म्हणाले, "अहो मॅडम, पाणी टाकीत नाही, नळाला बघायचं असतं." एन्कोडरच्या टोकाला, जोडणी चालू ठेवून मोजलं तर ४.४. कनेक्टर उघडला, आत कूलंट शिरून पिन हिरवी पडली होती. नवा कनेक्टर बसवला, १५०० वरही ४०९६. आमच्याकडे त्याआधीच नव्या एन्कोडरचं कोटेशन मागवून झालं होतं, ते सोडा.

आता माझ्या डेटाचं. मी कोन सलग काउंट मोजून काढत होते, झेडवर शून्य करत नव्हते. फेरीला ६ काउंट म्हणजे जेमतेम अर्धा अंश, पण ५० फेऱ्यांत तो २६ अंश होतो. शिखर सरकलं ते असं, पसरलं तेही असंच. पसरणं मला खटकलं होतं, पण निष्कर्ष आवडला होता.

झेडची नोंद ठेवली असती तर प्रत्येक फेरी तपासून चांगल्या फेऱ्या वाचवता आल्या असत्या. मी फक्त तयार कोन साठवला होता, त्यामुळे जास्त वेगाची सगळी मोजमापं काढून टाकावी लागली. गाइडना हे सांगायला मला दोन दिवस लागले. तुम्ही सेटअप उभा करत असाल तर ए, बी, झेड तिन्ही चॅनेल कच्चे रेकॉर्ड करा आणि रोज पहिल्या रनच्या आधी सगळ्यात जास्त वेगावर झेड ते झेड काउंट मोजा. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.