पाच तक्रारींचा हिशेब

ऑगस्ट २०२४ मध्ये नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांविरुद्ध देशभरातून १,८९,४१९ तक्रारी आल्या. जानेवारी २०२५ मध्ये त्या १,३४,८२१ वर उतरल्या. म्हणजे पाच महिन्यांत सुमारे २९ टक्के घट. मधल्या काळात दूरसंचार नियामक ट्रायच्या आदेशावरून टेलिकॉम कंपन्यांनी लाखो कनेक्शन तोडली, अनेक संस्थांना काळ्या यादीत टाकले. ही कारवाई खरी आहे आणि ती हवीच होती.

पण याच प्रकारच्या तक्रारींचा आणखी एक आकडा शेजारी ठेवून पाहा. जानेवारी ते जून २०२४ या सहा महिन्यांत ७.९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या होत्या. महिन्याची सरासरी काढली, तर ती सुमारे १.३२ लाख येते. म्हणजे जानेवारीतला ‘घटलेला’ आकडा वर्षभरापूर्वीच्या नेहमीच्या पातळीलाच येऊन टेकला होता. घट मोजली गेली ती ऑगस्टच्या शिखरावरून.

आता एकूण ग्राहकांकडे वळू. देशात मोबाइल कनेक्शन ढोबळमानाने ११५ कोटी. त्या हिशेबाने जानेवारी २०२५ मध्ये साधारण ८,५०० कनेक्शनांमागे एक तक्रार झाली. कर्ज, प्लॉट, क्रेडिट कार्ड, विमा यांचे फोन महिन्यात ८,५०० पैकी एकालाच येतात, यावर कोणाचा विश्वास बसेल? त्रास होतो त्याचा फारच थोडा भाग नोंदला जातो, आणि सगळी यंत्रणा चालते ती नोंदलेल्या भागावर.

हे इतके महत्त्वाचे का, ते ट्रायच्या नियमांतल्या १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीत दिसते. पूर्वी नोंदणी नसलेल्या प्रेषकाविरुद्ध ७ दिवसांत १० तक्रारी झाल्या तरच कारवाईचा उंबरठा ओलांडला जाई. आता १० दिवसांत ५ तक्रारी पुरतात. कारवाईची मुदत ३० दिवसांवरून ५ दिवसांवर आली. पहिल्या वेळी त्या प्रेषकाची आउटगोइंग सेवा १५ दिवस बंद आणि पुन्हा तेच केले, तर सर्व कंपन्यांकडची कनेक्शन वर्षभरासाठी तोडायची. तक्रारींचे आकडे चुकीचे कळवणाऱ्या टेलिकॉम कंपनीलाही पहिल्यांदा २ लाख, दुसऱ्यांदा ५ लाख आणि त्यापुढे दर वेळी १० लाख रुपये दंड आहे.

आपण मात्र काय करतो? नंबर ब्लॉक करतो. ब्लॉक केल्याने फोन थांबतो तो आपल्यापुरता. तोच माणूस पुढच्या मिनिटाला दुसऱ्या कुणाला, कदाचित आपल्याच वडिलांना, गाठतो आणि पाचच्या मोजणीत आपला एक कुठेच धरला जात नाही. माझ्या मते ब्लॉक करायला हरकत नाही, पण तक्रार केल्यानंतरच.

प्रचाराचे फोन-मेसेज नकोत असे कळवणारी डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’) नोंदणी निरुपयोगी नाही. २००७ मध्ये सुरू झालेली ही सोय आज १९०९ या क्रमांकावर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर मिळते. सगळेच बंद करा किंवा बँकिंग-विमा, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य अशा ८ प्रकारांपैकी हवे तेवढेच बंद करा. पण ती यादी पाळणार कोण? टेलिमार्केटर म्हणून नोंदणी केलेल्या कंपन्या. साध्या दहा आकडी नंबरावरून फोन करणारा ती उघडूनही पाहत नाही. त्याच्याविरुद्ध तक्रार करायला आता डीएनडीत नाव असण्याची अटही उरलेली नाही.

नकोसे मेसेज येण्याची दुसरी वाट संमतीची. दुकानाच्या बिलिंग काउंटरवर किंवा एखाद्या अर्जात आपण जाहिरातींना रीतसर संमती दिली असेल, तर डीएनडी असूनही ते मेसेज येऊ शकतात. इथे तक्रारीपेक्षा संमती मागे घेणे उपयोगी. प्रचाराच्या मेसेजात आता तशी सोय देणे बंधनकारक आहे, आणि एकदा नकार दिला की त्या कंपनीला ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. मेसेज कोणत्या प्रकारचा हे प्रेषकाच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावरून कळते: ‘पी’ म्हणजे प्रचार, ‘एस’ सेवा, ‘टी’ व्यवहार, ‘जी’ सरकारी. फोनच्या बाबतीत १४० ने सुरू होणारे नंबर प्रचाराचे, १६०० चे सेवेचे आणि व्यवहाराचे.

ईमेलची गोष्ट वेगळी, कारण ट्रायचे हे नियम फोन आणि एसएमएसपुरतेच आहेत. तिथे बदल घडवला तो मेलसेवा देणाऱ्यांनी. २०२४ मध्ये गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणात प्रचारमेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर नाव काढण्याची सोय देणे भाग पाडले. गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या आसपास मेल पाठवणारा ‘मोठा’ ठरतो. विनंती २ दिवसांत पाळायची आणि स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवायचे. म्हणजे हजारातल्या तिघांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले, तरी प्रेषकाचे मेल इनबॉक्सपर्यंत पोहोचणे अवघड होते.

फोनसाठी तेच काम करणारी तक्रार १९०९ वर किंवा अ‍ॅपवर होते. तिला लागते एवढेच: ज्यावरून फोन किंवा मेसेज आला तो नंबर, तारीख आणि काय विकत होते याची एक ओळ. मुदत पूर्वी ३ दिवसांची होती, आता ७ दिवसांची आहे.