टपाल-तिकिटांचा संग्रह : छंद आणि ठेव

टपालाचीं तिकिटें जमविण्याचा छंद आतां मावळत चालला आहे काय, आणि घरांत जपून ठेवलेल्या जुन्या तिकिटांना पुढें कांहीं मोल येईल काय, हे दोन प्रश्न अलीकडे बहुधा जोडीनेंच विचारले जातात. आजोबांनीं किंवा वडिलांनीं हौसेनें भरलेली संग्रहवही माळ्यावरून खालीं येते. नातवंडांना तिची गोडी नसते. मग घरांतील मंडळी म्हणतात कीं, निदान विकून तरी बरे पैसे येतील. वही दुकानदारापुढें ठेवली जाते, त्यानें सांगितलेला आंकडा ऐकून मंडळी हिरमुसतात, आणि या छंदांत आतां राम उरला नाहीं असा निष्कर्ष काढून घरीं परततात. वास्तविक छंदाचें भवितव्य ही एक गोष्ट आणि तिकिटांचें बाजारांतील मोल ही दुसरी. दोहोंची गल्लत झाली म्हणजे कोठें चांगला संग्रह कवडीमोलानें जातो, तर कोठें साध्या कागदाच्या तुकड्यांवर भलत्या आशा बांधल्या जातात. यासाठीं दोन्ही प्रश्नांचा विचार वेगवेगळा करणें अवश्य आहे.

प्रथम हा छंद वाढला कसा तें पाहिलें पाहिजे. सर रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणें इंग्लंडांत मे १८४० मध्यें ‘पेनी ब्लॅक’ हें जगांतील पहिलें चिकटविण्याचें तिकीट निघालें. तत्पूर्वीं पत्राचा हशील अंतराप्रमाणें ठरे आणि तो बहुधा पत्र घेणाराला द्यावा लागे. आतां एका पेनीच्या तिकिटावर अर्ध्या औंसाचें पत्र देशांत कोठेंही जाऊं लागलें. हिंदुस्थानांत हा मान पहिल्यानें सिंध प्रांताला मिळाला. तेथील कमिशनर व पुढें मुंबईचे गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रिअर यांनीं १ जुलै १८५२ रोजीं अर्ध्या आण्याचें ‘सिंध डाक’ तिकीट सुरू केलें. तें प्रथम लाल लाखेवर उमटविलेलें असे. पण लाख ठिसूळ असल्यामुळें तें फुटून जाई, म्हणून कागदावरील पांढरें व निळें अशीं तिकिटेंही निघालीं. १८५४ सालीं सर्व हिंदुस्थानासाठीं कलकत्त्यास तिकिटें छापण्यांत आलीं, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून तें काम नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांत होऊं लागलें. नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त १९३१ सालीं निघालेलीं आपल्या देशाचीं पहिलीं स्मारक-तिकिटें तेथलींच होत.

या छंदाचा खरा आधार असा कीं, तो फुकट होता. टपाल घराघरांत येई, आणि आलेल्या प्रत्येक पाकिटावर संग्रहाचें साहित्य आपोआप चालत येई. पेढीवरील कारकून परदेशच्या पत्रांवरचीं तिकिटें शेजारच्या मुलांसाठीं राखून ठेवीत. मुलें तीं पाण्यांत भिजवून सोडवीत, टिपकागदावर वाळवीत आणि जास्तीचीं तिकिटें शाळेच्या मधल्या सुटींत अदलाबदलीला काढीत. ‘हेल्व्हेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘माग्यार’ म्हणजे हंगेरी आणि ‘सुओमी’ म्हणजे फिन्लंड, हें भूगोलाच्या पुस्तकाआधीं तिकिटानेंच शिकविलें. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचें चित्र असलेलें तिकीट आणि निजामाच्या हैदराबादचें उर्दू अक्षरांचें तिकीट पाहून आपल्याच देशांत किती राज्यें नांदत होतीं हें कळे. गोव्यांतील पोर्तुगीज सत्तेचीं तिकिटें १८७१ पासून १९६१ पर्यंत चाललीं; त्यांवरून त्या कारभाराचीं नव्वद वर्षें एका वहींत मांडतां येतात.

हा झरा आतां आटला आहे. खुशालीचें पत्र मोबाइलवरील दोन ओळींच्या निरोपांत विरून गेलें. बँकेचा हिशेब आणि विजेचें बिल संगणकावर येतें. जें टपाल अद्याप घरीं येतें त्यावरही तिकिटाऐवजीं यंत्राचा छाप किंवा रेघांची पट्टी असते. आपल्याकडील रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा २०२५ सालीं स्पीड पोस्टांत विलीन झाली. डेन्मार्कमध्यें तर चारशें वर्षांची परंपरा सांगणाऱ्या सरकारी टपालसंस्थेनें २०२५ च्या डिसेंबरअखेर घरोघर पत्रें पोंचविण्याचें कामच थांबविलें, आणि तें खासगी कंपनीकडे गेलें. जें मूल महिनोन्महिने घरांत तिकीट पाहत नाहीं त्याला त्याची ओढ कशी लागावी? मुलांचा सर्वसामान्य खेळ या नात्यानें तिकीटसंग्रह ओसरला आहे, हें निःसंशय.

पण ओसरणें म्हणजे संपणें नव्हे. जे उरले आहेत ते पूर्वींपेक्षां अधिक खोलांत शिरले आहेत. पूर्वींचा संग्राहक जगांतील सर्व देशांचीं तिकिटें भरीत जाई. आजचा बहुधा एकच विषय धरतो. कोणी केवळ आगगाड्या घेतो, कोणी पक्षी, कोणी एकाच संस्थानाचे टपालशिक्के. तिकीट सुटें न घेतां सबंध पाकीट घेऊन तें कोणत्या मार्गानें, किती दिवसांत व कोणत्या दरानें गेलें याचा शोध घेणारी टपाल-इतिहास नांवाची शाखा चांगलीच भरभराटीस आली आहे. इंटरनेटमुळें सातारच्या संग्राहकाला लंडनच्या लिलावांत घरबसल्या बोली करतां येते. टपालखात्यानेंही २०१७ सालीं ‘दीनदयाळ स्पर्श’ योजना काढून सहावी ते नववीच्या संग्राहक विद्यार्थ्यांसाठीं वर्षास ६,००० रुपयांची शिष्यवृत्ति सुरू केली. घेर लहान झाला आहे; अभ्यास मात्र वाढला आहे.

आतां दुसरा प्रश्न, मोलाचा. ‘जुनें म्हणजे महाग’ ही समजूत सर्वांत प्रथम सोडली पाहिजे. पेनी ब्लॅक हें सर्वांत जुनें तिकीट. पण तें ६ कोटी ८० लाखांवर छापलें गेलें आणि पुष्कळ शिल्लक राहिलें, म्हणून तें सर्वांत महाग नाहीं. उलट ब्रिटिश गियानाचें १८५६ चें एक सेंटाचें किरमिजी तिकीट जगांत एकच ज्ञात आहे. १८७३ सालीं तें बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला सांपडलें व त्यानें सहा शिलिंगांना विकलें. १९८० सालीं त्याला ९ लाख ३५ हजार डॉलर आले आणि २०१४ सालीं सुमारें ९५ लाख. यावरून भाव चढतच जातो असें कोणी म्हणेल; परंतु तेंच तिकीट २०२१ सालीं पुन्हां लिलावांत आलें तेव्हां त्याला सुमारें ८३ लाख डॉलरच मिळाले. ज्याला जगांत जोड नाहीं अशा वस्तूचा भावही सात वर्षांत उतरूं शकतो, तेथें सामान्य तिकिटांची कथा काय?

आपल्याकडील उदाहरण याहून बोलकें आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं महात्मा गांधींच्या स्मरणार्थ दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे व दहा रुपये अशीं चार तिकिटें निघालीं. त्यांतील दहा रुपयांच्या अवघ्या शंभर प्रतींवर गव्हर्नर-जनरलच्या कचेरीसाठीं ‘सर्व्हिस’ हा शब्द छापण्यांत आला. अशा चार तिकिटांचा जोडलेला गट २०१७ सालीं ५ लाख पौंडांना विकला गेला. त्या शब्दाविना असलेल्या दहा रुपयांच्या तिकिटाला बरी किंमत येते, पण तिची त्याशीं तुलनाच नाहीं; आणि दीड आण्याचें तिकीट तर किरकोळ खर्चांत कोणालाही मिळतें. दिवस एक, निमित्त एक, चेहरा एक. भेद आहे तो किती शिल्लक आहेत व किती लोकांना हवे आहेत यांचा. त्यांत तिसरी गोष्ट मिळविली पाहिजे, ती म्हणजे स्थिति. कडेचा एक दाता तुटला, मागचा डिंक गेला किंवा कागदावर तांबूस डाग पडला कीं किंमत झटकन् खालीं येते.

मध्यमवर्गीय घरांचें नुकसान बहुधा नव्या तिकिटांनीं केलें आहे. स्मारक-तिकीट निघालें कीं त्याचा सबंध ताव घ्यावयाचा, पहिल्या दिवसाचें पाकीट घ्यावयाचें, आणि मुलाच्या शिक्षणास किंवा मुलीच्या लग्नास तें उपयोगी पडेल म्हणून कपाटांत ठेवावयाचें, असें कित्येकांनीं वर्षानुवर्षें केलें. यांत एक साधी गोष्ट विसरली गेली. जुनीं तिकिटें दुर्मिळ झालीं, कारण लोकांनीं तीं वापरून फेंकून दिलीं. जें सर्वांनींच जपून ठेवलें तें दुर्मिळ होणार कसें? अमेरिकेंत गेल्या शतकाच्या मध्यास असे ताव साठविणारे पुष्कळ होते; आज तेथील व्यापारी ते छापील किंमतीहूनही कमी दरानें विकत घेतात. १९६० नंतरच्या दशकांत अजमान, फुजैरा इत्यादि अरबी अमिरातींच्या नांवानें केवळ संग्राहकांसाठीं तिकिटांचा महापूर आला, त्याची तर रद्दीच झाली. मात्र भूतानानें १९७२-७३ च्या सुमारास काढलेलीं, ग्रामोफोनवर खरोखर वाजणारीं तिकिटें तेव्हां हास्यास्पद ठरलीं, आणि आज त्यांनाच मोठी मागणी आहे. सारांश, पुढील पिढीला काय आवडेल याचें भाकित भल्याभल्यांनाही करतां आलेलें नाहीं.

इंटरनेटनें आणखी एक भ्रम दूर केला. पूर्वीं एखादें तिकीट पुण्याच्या बाजारांत क्वचित् दिसे, म्हणून तें दुर्मिळ वाटे. आतां जगभरचे विक्रेते एका पडद्यावर आले आणि तसलींच शेंकडों तिकिटें विक्रीस पडलेलीं दिसूं लागलीं. सूचिग्रंथांत छापलेली किंमत ही बहुधा दुकानदार ज्या दरानें विकूं इच्छितो ती असते. तो विकत घेतांना तिचा लहानसा अंशच देतो, कारण दुकानाचें भाडें, गिऱ्हाईकाची वाट पाहण्याचा काळ व स्वतःचा नफा हें सारें त्याला त्यांतूनच भागवावयाचें असतें.

या क्षेत्रांतील सर्वांत दुःखद धडा स्पेनमध्यें मिळाला. ‘फोरम फिलातेलिको’ व ‘आफिन्सा’ या दोन कंपन्या लोकांच्या ठेवी घेत, त्यांच्या नांवें तिकिटें ठेवीत आणि ठराविक नफा देऊन तीं परत घेण्याची हमी देत. मे २००६ मध्यें पोलिसांनीं छापे घातले तेव्हां साडेतीन लाखांवर कुटुंबांचे पैसे अडकल्याचें उघडकीस आलें. तिकिटांच्या किंमती बाजाराहून किती तरी फुगवून लावलेल्या होत्या, आणि जुन्या ठेवीदारांचा नफा नव्या ठेवीदारांच्या पैशांतून दिला जात होता. पेन्शनीवर जगणाऱ्या कित्येक वृद्धांची पुंजी त्यांत गेली. तिकीट व्याज देत नाहीं, भाडें देत नाहीं. दुसरा कोणी अधिक देईल तेव्हांच त्यांत नफा. अशा वस्तूवर कोणी ठराविक उत्पन्नाची हमी देऊं लागला तर तेथूनच मागें फिरावें.

मग घरांतील जुन्या वहीचें काय करावें? प्रथम घाई करूं नये. जुन्या पाकिटावरचीं तिकिटें कापूं किंवा भिजवूं नयेत. त्यावरील शिक्का, पत्ता व तारीख यांमुळें सबंध पाकिटाचें मोल पुष्कळदां सुट्या तिकिटाच्या कितीतरी पट असतें. तिकिटें बोटांनीं न धरतां चिमट्यानें धरावीं, चिकटपट्टी कधींही लावूं नये. आपल्याकडील पावसाळा हा संग्रहाचा मोठा वैरी आहे. दमट हवेंत डिंक पाघळून तिकिटें एकमेकांस चिकटतात. म्हणून वही उभी ठेवावी, भिंतीपासून दूर ठेवावी आणि कोरड्या दिवशीं उघडून तिला वारा द्यावा. विकावयाचेंच असेल तर दोघांतिघांस स्वतंत्रपणें दाखवावें. सिंध डाकेचीं व १८५४ चीं बनावट तिकिटें पुष्कळ आहेत, तेव्हां तसें कांहीं हातीं लागल्यास तज्ज्ञमंडळाचा दाखला घेतल्यावांचून हर्ष किंवा निराशा करूं नये.

विकण्यासारखें कांहींच निघालें नाहीं, तर ती वही मुलांपुढें ठेवावी. सगळी एकदम नव्हे, एकच पान. आणि त्यावरील देश नकाशांत शोधावयास सांगावें. त्यांतील कित्येक देश आज त्या नांवानें सांपडणार नाहींत. ते कोठें गेले असें मूल विचारील, आणि उत्तर शोधतांना थोरांनाही इतिहास पुन्हां उघडावा लागेल. ठेव म्हणून तिकिटांवर भिस्त ठेवणें पूर्वींही धोक्याचें होतें व आजही आहे. छंद म्हणून मात्र त्याला फारच थोडा पैसा लागतो, आणि ज्या घरांत प्रश्न विचारणारें एक मूल व उत्तराला वेळ देणारें एक माणूस आहे तेथें तो अजून सहज रुजण्यासारखा आहे.