नजर पडते, पण दिसत नाही

एक्स-रेवरची गाठ सुटली, की ‘डॉक्टरांनी नीट पाहिलेच नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हा निवाडा घाईचा वाटतो. १९७८ मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड कुंडेल, कॅल्विन नोडिन आणि सहकाऱ्यांनी छातीचे एक्स-रे वाचणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल नोंदवली. चुका तीन प्रकारच्या निघाल्या: नजर तिथे गेलीच नाही, गेली, पण ओळख पटली नाही, रेंगाळली, तरी निर्णय चुकला. निम्म्याहून अधिक चुका शेवटच्या दोन प्रकारांतल्या होत्या.

२०१३ मध्ये फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र घालून ते २४ रेडिऑलॉजिस्टना दाखवले गेले. ते शोधत होते गाठी. २० जणांना गोरिला दिसलाच नाही!

म्हणून तपासणीला जाताना सगळ्या तक्रारी सांगाव्यात. शंका असेल, तर फिल्म दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवावी. तो अविश्वास नव्हे.