बेणे कोणाकडून घेतले? पुरवठादारांची एक वही घरात असू द्या



आडसाली लागणीचे दिवस जवळ आले की खुटबाव, यवत, केडगाव या आपल्या पट्ट्यात एकच विचारणा सुरू होते : बेणे कुठून आणायचे, रोपे कोणाकडची घ्यायची? बेणे दर तीन-चार वर्षांनी बदलावे हे आपण सर्वजण जाणतो. पण मागच्या खेपेस ज्याच्याकडून चांगले बेणे आणले त्याचे नाव, गाव, नंबर विचारावा तर उत्तर मिळते, "होता हो एकजण, पाडेगावच्या बाजूचा. नंबर जुन्या मोबाईलमध्ये गेला." मग कोणीतरी कोणाचा तरी नंबर देतो, फोनवर सौदा होतो, आणि तीन वर्षांपूर्वी जमवलेली सारी खात्री वाया जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

ऊस हे वर्ष-दीड वर्षाचे पीक आहे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. भाजीचे बी खोटे निघाले तर महिन्याभरात कळते. उसात जातीची भेसळ कांड्या सुटल्यावर, म्हणजे सहा-सात महिन्यांनी उघड होते. काणीचा काळा चाबूक तर तोवर बाहेर पडलेला असतो, आणि गवताळ वाढ पुष्कळदा खोडव्यातच जोर करते. हे दोन्ही रोग बेण्यातून येतात. म्हणजे दोष दिसेपर्यंत रोपवाल्याचा ट्रे परत गेलेला, बिल हरवलेले, आणि नंबर बंद. एकरी पाच-सहा हजार रोपांचे पैसे, मशागत, खत, पाणी हे सगळे ज्याच्या शब्दावर घातले तो माणूस सापडत नाही. तेव्हा बेण्याच्या नोंदीत केवळ "को ८६०३२" किंवा "फुले २६५" एवढे लिहून भागत नाही. बेणे मूलभूत, पायाभूत की प्रमाणित, कोणत्या प्लॉटातले, त्या प्लॉटाला मूळ बेणे पाडेगावच्या संशोधन केंद्राचे की मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे, आणि लागण कोणत्या गटात केली, हेही लिहावे. शक्य तर उभा प्लॉट स्वतः पाहून यावा व पाहिल्याची तारीख टाकावी.

खत आणि औषधाच्या दुकानाचे काम त्यामानाने सोपे आहे, कारण तेथे कायदा आपल्या बाजूने आहे. खतासाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश आणि कीटकनाशकांसाठी १९७१ चे नियम आहेत. या दोहोंखाली दुकानदाराने बिल दिलेच पाहिजे. बिलावरून दुकानाचा परवाना क्रमांक आणि मालाचा बॅच नंबर वहीत उतरवून घ्यावा. जीएसटी नंबर असेल तर तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि सरकारी जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, तेही तेथे दिसते. म्हणून एकदा तपासून थांबू नये, दर हंगामात पुन्हा पाहावे. मात्र रोपवाटिकेकडे जीएसटी नंबर नसला म्हणजे लगेच लबाडी समजू नये. जिवंत रोपांवर तो कर नाही. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. परंतु ग्राहक आयोगाकडे तक्रारीला मुदत दोन वर्षांची, आणि पुराव्याला बिल लागतेच.

मुकादमाची गोष्ट आणखी नाजूक. उचल घेऊन टोळी न आणणे, एकाच कोयत्यांवर दोन-तीन ठिकाणी उचल घेणे, हे आपल्या वाहनमालक सभासदांना नवीन नाही. त्यांच्या वहीत मुकादमाचे मूळ गाव व तालुका, गेल्या हंगामात त्याने कोठे काम केले तेथील एक-दोन माणसांचे नंबर, आणि उचल कोणासमक्ष, कोणत्या खात्यावर दिली, हे असावे. गडी मागच्या वर्षी चांगला होता म्हणून यंदाची चौकशी टाळू नये.

आता नंबरविषयी. बंद पडलेला मोबाईल नंबर नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. तीन वर्षांपूर्वीचा नंबर लागला आणि पलीकडून कोणी "हो, बोला" म्हणाले, एवढ्यावर भिस्त ठेवू नये. मागच्या व्यवहारातली एखादी खूण विचारावी : कोणत्या महिन्यात रोपे दिली, गाडी कोणाची होती. म्हणून नंबर लिहिताना तो कोठून मिळाला, बिलावरून की समक्ष, हेही लिहावे, आणि गावातला दुसरा एक नंबर जोडून ठेवावा.

सर्वांत जास्त फसगत होते ती "आमचे खाते बदलले, पैसे नव्या खात्यावर टाका" अशा निरोपाने. निरोपावर दुकानाचे नाव व फोटो बरोबर असतो. तो कोणीही लावू शकतो. अशा वेळी निरोपातल्या नंबरवर विचारणा करून काय उपयोग? वहीतल्या जुन्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा, किंवा दुकानात जाऊन यावे. एनईएफटीत पैसे खाते नंबर पाहून जमा होतात, नाव जुळवले जात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय करायला सांगितले. ते नाव पडद्यावर आले की वहीशी ताडून पाहावे. दुकान एका नावाचे आणि खाते मालकाच्या नावाचे असेही असते. म्हणून पैसे कोणाच्या नावावर जातात ते आधीच लिहिलेले बरे.

वही म्हणजे साधी बांधीव वही. ती सातबाऱ्याच्या कागदांसोबत पेटीत राहावी. मोबाईलमध्ये उतरवलीत तर मोबाईलला कुलूप असावे. मुकादमाच्या आधारची झेरॉक्स किंवा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे हा त्या गरिबावर अन्याय आहे, आणि त्याचा गैरवापर झाला तर निस्तरणे अवघड. पहिले आठ आकडे झाकलेले आधार मिळते, ते मागावे. आपला पिन किंवा ओटीपी या वहीत कधीही लिहू नये. आणि वही कोठे आहे हे घरातल्या आणखी एकाला, विशेषतः घरच्या लक्ष्मीला, माहीत असावे. कारभारी अचानक गेला आणि सारे व्यवहार त्याच्या कुलूपबंद मोबाईलमध्ये राहिले, तर उधारी कोणाची आणि येणे कोणाकडून, हे त्या माउलीने कोणाला विचारायचे?

पैसे चुकीच्या खात्यावर गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. उद्या पाहू म्हणू नये. पोलिसांत जाताना बिल, वहीचे ते पान आणि पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर बरोबर न्यावा.