लष्करी ट्रकाचे घर

घर बरोबर घेऊन फिरणारी माणसे तुम्ही-आम्ही पाहिली आहेत. ऊसतोडीला निघालेली बैलगाडी आठवा. गाडीत पिठाचे डबे, भांडी, गोधड्या, एखादी कोंबडी आणि वर बसलेले लेकरू. धनगर मेंढरे घेऊन निघतात, तेव्हा घोड्याच्या पाठीवर त्यांचा सगळा संसार असतो.

जर्मनी देशातही अशी फिरती बिऱ्हाडे आहेत. पण ती पोटासाठी निघालेली नाहीत. हौसेने निघालेली आहेत. लष्कराने टाकून दिलेला जुना ट्रक विकत घ्यायचा, त्याच्या पाठीवर घर करायचे आणि देशोदेशी हिंडायचे, असा त्यांचा बेत असतो. 1960 आणि 1970 च्या दशकांत युरोपातली तरुण मंडळी जुन्या बसगाड्या, जुने ट्रक घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या वाटेने थेट गोव्यापर्यंत येत. 1979 साली इराणात क्रांती झाली. त्याच वर्षाच्या शेवटी रशियाचे सैन्य अफगाणिस्तानात शिरले. तेव्हापासून ती वाट पहिल्यासारखी राहिली नाही. पण ट्रकाचे घर करण्याची हौस काही गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, "बाजारात इतक्या गाड्या असताना लष्कराचाच ट्रक कशाला?"

त्यासाठी एका गाडीची गोष्ट सांगतो. तिचे नाव उनिमोग. ती आता लष्करातली म्हणून ओळखली जाते, पण ती जन्मली शेतकऱ्यासाठी. 1945 साली महायुद्ध संपले. जर्मनी उद्ध्वस्त झाला होता. लोकांना खायला अन्न हवे होते. आल्बर्ट फ्रीड्रिश हा इंजिनिअर आधी विमानांच्या इंजिनांचे काम करी. त्याने शेतीसाठी एक गाडी आखली. ती नांगर ओढील, माल वाहील आणि रस्त्यावरही पळेल, अशी. तिच्या दोन चाकांमधले अंतर ठेवले 1270 मिलिमीटर. हा आकडा कुठून आला? बटाट्याच्या दोन सऱ्यांचे माप तेवढे होते! गाडी शेतात घातली, तरी चाक पिकावर येत नसे. पहिल्या उनिमोग गाड्यांवर बैलाच्या डोक्याची खूण असे. शिंगांचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा. आम्हाला ही खूण फार आवडते.

पुढे 1955 पासून याच गाडीचा मोठा भाऊ लष्करासाठी बनू लागला. त्याचा नंबर 404. 1980 पर्यंत अशा सुमारे 64,000 गाड्या तयार झाल्या. पुष्कळशा जर्मन लष्कराने घेतल्या. ही गाडी चारही चाकांनी ओढते. तिचा आस चाकाच्या मध्यातून जात नाही. तो थोडा वर असतो आणि चाकाजवळ दातेरी चक्रे बसवून जोर खाली आणलेला असतो. त्यामुळे गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे 40 सेंटिमीटर वर राहते. चाकोरीतला दगड, ओढ्यातला गोटा खालून निघून जातो.

लष्कराला जुन्या गाड्या नको झाल्या की तिथले सरकार त्या विकते. त्या कामासाठी वेबेग नावाची सरकारी कंपनी आहे. बोली लावायची आणि गाडी न्यायची. अशा गाड्या वयाने म्हाताऱ्या असतात, पण पळालेल्या कमी असतात. वर्षानुवर्षे छपरात उभ्या राहिलेल्या असतात. यात फसगतही आहे. उभ्या गाडीचे रबर वाळते. ब्रेकचे पाइप सडतात. टायर वरून काळे कुळकुळीत दिसतात आणि रस्त्यावर फुटतात. शिवाय हा ट्रक पेट्रोलवर चालतो. शंभर किलोमीटरला वीस लिटरपेक्षा जास्त पितो. ताशी 95 किलोमीटरच्या वर जात नाही. घाई असलेल्या माणसाचे हे वाहन नव्हे.

काही ट्रकांच्या पाठीवर बिनतारी यंत्राची खोली असे. शिपाई आत बसून संदेश पाठवीत. ही खोली सुमारे तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. हेच पुढे घर होते. यंत्रे काढून टाकायची आणि संसार आत न्यायचा. उंच माणसाला आत ताठ उभे राहता येत नाही, ही एक अडचण.

आता एक महत्त्वाची गोष्ट पाहा. खडबडीत वाटेवर ट्रक चालतो, तेव्हा त्याची लोखंडी चासी पिळवटते. कापड पिळावे तशी. उनिमोगची चासी मुद्दाम तशी केलेली आहे. म्हणून तर चारही चाके जमिनीला धरून राहतात. पण चासी पिळवटली आणि वरची खोली चार कोपऱ्यांवर घट्ट आवळलेली असली, तर काय होईल? भिंतीला तडे जातील. दार अडकेल. यावर उपाय साधा आहे. चार पायांचा पाट उंचसखल जमिनीवर डुगडुगतो. तीन पायांची तिपाई कधी डुगडुगत नाही. म्हणून खोली तीनच ठिकाणी टेकवतात. दोन टेकू एका टोकाला आणि तिसरा दुसऱ्या टोकाला, मध्यावर. हा तिसरा टेकू हलता असतो. खाली चासी कितीही पिळवटो, वरची खोली सरळ राहते.

मग भिंती. बाहेरचा पत्रा थंडीत बर्फासारखा गार पडतो. आत दोन माणसे झोपली की त्यांच्या श्वासातून रात्रभरात पेला-दोन पेले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. ही वाफ जाते कुठे? गार पाण्याने भरलेला तांब्या ठेवला की त्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसा पत्र्याला आतून घाम सुटतो. तो लाकडाच्या मागे झिरपतो. लाकूड कुजते, पत्रा गंजतो आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून पत्र्याच्या आतून फेसाच्या जाड फळ्या चिकटवतात. कुठेही फट ठेवत नाहीत. आणि छताला हवा जाण्याची एक खिडकी हवीच. थंडी आत येते म्हणून ती बंद करणारे लोक पुढे पस्तावतात.

हवेवरून आठवले. या घरात जिवाला खरा धोका कशाचा असेल, तर तो चुलीचा. खोली लहान, दारे-खिडक्या बंद, आणि आत काहीतरी जळत असते. हवा पुरेशी नसली की जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. आपल्याकडेही थंडीच्या दिवसांत दारे लावून कोळशाची शेगडी जवळ ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या येतात. ट्रकातही तेच आहे. म्हणून खोली गरम करायला उघडी शेगडी कधीही ठेवत नाहीत. बंद शेगडी बसवतात. ती जळणासाठी हवा बाहेरून घेते आणि धूरही बाहेर सोडते. आत येते ती फक्त ऊब. शिवाय भिंतीवर एक लहान यंत्र लावतात. विषारी वायू वाढला की ते जोरात वाजते.

स्वयंपाकाच्या गॅसचे दुखणे निराळे. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की खाली साचतो, विहिरीत पाणी साचावे तसा. एक ठिणगी पुरे. म्हणून सिलिंडर वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला भोक पाडतात. गळालेला गॅस रस्त्यावर निघून जातो.

विजेचा हिशेब तुमच्या ओळखीचा आहे. वीजबिलात युनिट असतात ना, त्यानेच मोजू. लहान फ्रीज, चार दिवे, पाण्याचा पंप आणि दोन मोबाइल मिळून दिवसाला साधारण अर्धे युनिट लागते. छपरावर तीनशे वॉटची सोलर प्लेट बसवली, तर जर्मनीच्या उन्हाळ्यात दिवसाला एक युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे भरपूर. पण डिसेंबरात तिथे सूर्य उशिरा उगवतो, लवकर मावळतो आणि वर चढतच नाही. तेव्हा त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी वीजही मिळणे कठीण. मात्र तेव्हा फ्रीज लागतो कुणाला? दूध दाराबाहेर ठेवले की झाले. शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट मावते आणि तिचे वजन बारा किलोच्या आसपास. शिशाची जुनी बॅटरी स्वस्त पडते, पण वजन दुपटीहून जास्त. आणि ती अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते.

वजनाचे नाव घेतले, तर तेही मांडून टाकू. कारण हौसेचे घर बहुधा इथेच अडते. या ट्रकावर दीड टन, म्हणजे 1500 किलो ओझे घालता येते. चालकाचे वजन त्यात धरलेले नाही, असे समजा. आता ढोबळ आकडे घेऊ. रिकामी खोली 600 किलो. फेस, लाकूड, बिछाना, कपाटे 250. पाणी 150. बॅटरी आणि सोलर 60. फ्रीज, शेगडी, गॅस 50. स्टेपनी आणि हत्यारे 150. पेट्रोलचे चार जादा कॅन 75. बरोबरचे माणूस 75. कपडे, भांडी, धान्य, पुस्तके 150. बेरीज करा. 1560 झाले! साठ किलो जास्त.

साठ किलो म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ते रोज, प्रत्येक खड्ड्यात, म्हाताऱ्या आसावर आदळतात. उतारावर ब्रेकला तेवढे जास्त आवरावे लागते. मग नवरा-बायकोची वादावादी सुरू होते. स्टेपनी काढता येत नाही. पाणी काढता येत नाही. शेवटी सागासारख्या जड लाकडाची कपाटे जातात आणि पातळ प्लायवूडची येतात. पुस्तके घरी राहतात. आमचे म्हणणे असे की हा हिशेब पहिल्या दिवशी कागदावर मांडावा आणि काम अर्धे झाले की गाडी वजनकाट्यावर न्यावी. साखर कारखान्यात उसाची गाडी नेतात तशी. सगळे झाल्यावर काट्यावर नेणे म्हणजे स्वतः बांधलेले स्वतःच मोडणे.

कागदपत्रेही लागतात. जर्मनीत अशा गाडीची घर म्हणून नोंद करायची, तर आत झोपायची जागा, बसायला जागा व टेबल, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटे हवीत. तीही पक्की बसवलेली. तपासणारा माणूस येतो, हलवून पाहतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आहे. नोंदणीपत्रात लिहिल्यापेक्षा गाडी वेगळी करायला त्यामुळे मनाई आहे. आधी आरटीओत विचारावे, मग हातोडा उचलावा.

राहिले पाणी. टाकी 150 लिटरची. दोन माणसांनी दिवसाला दहा-दहा लिटर वापरले, तर सात दिवस पुरते. दहा लिटर म्हणजे लहान कळशीभर. पिणे, स्वयंपाक, भांडी, अंग पुसणे, सगळे त्यात. शौचकूप कोरडा ठेवतात. लघवी एका डब्यात, मैला दुसऱ्यात आणि वर लाकडाचा भुसा. त्याला पाणी लागत नाही आणि वासही फारसा येत नाही. शहरात नळाखाली हात धरून बोलत राहणाऱ्या माणसाला दहा लिटरांत दिवस काढणे जड जाते. त्याची टाकी पहिल्या फेरीला चौथ्या दिवशीच वाजू लागते. आपल्या दुष्काळी गावांतल्या बायका त्याला चार गोष्टी शिकवतील. धान्य धुतलेल्या पाण्यात भांडी खळबळायची, आधी राखेने किंवा कागदाने खरकटे पुसून घ्यायचे, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. ट्रकातले लोक हेच करू लागतात, तेव्हा टाकी सातव्या दिवसापर्यंत जाते. मग पेट्रोल पंपावर किंवा तळाच्या जागेवर नळ पाहायचा, विचारून घ्यायचे आणि नळी लावायची. टाकी भरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात टायरची हवा पाहून होते.