मोटारींतील बिनतारी संच

सन 2005 च्या जुलै महिन्याची 26 तारीख ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कुटुंबें अद्यापि विसरलेलीं नाहींत. सांताक्रूझ येथें त्या एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस झाला; उल्हास नदीचें पाणी कांठच्या वस्त्यांत शिरलें; आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या आणि बऱ्याच ठिकाणीं दूरध्वनीही मुके झाले. माझे बंधु त्या रात्रीं ठाण्यांत, आम्ही डोंबिवलीस. मध्यें अंतर सुमारें 15 किलोमीटरांचें. तरी दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत एकमेकांची खुशाली कळली नाहीं. तेव्हांपासून, स्वतःचें असें कांहीं साधन हवें, हा विषय आमच्या घरांत दर पावसाळ्याच्या तोंडीं निघतो.

गेल्या वैशाखांत माझा पुतण्या अमेरिकेहून कोणीं आणलेला एक बिनतारी संच घेऊन आला. "काका, हा मोटारींत बसवूं. आंत थोडा फेरफार केला कीं शक्ति दुप्पट होते म्हणतात," असें तो म्हणाला. नैयायिकांनीं शब्दाला आकाशाचा गुण मानलें, एवढेंच माझें या विषयाचें भांडवल! परंतु प्रश्न कुटुंबाच्या काळजीचा असल्यामुळें मीं तो समजून घेतला. त्यांतून हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवतों.

या संचास सी. बी., म्हणजे नागरिकांसाठीं राखलेल्या लहरींचा संच, म्हणतात. अमेरिकेंत 1958 सालीं 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा या कामीं खुला झाला. 1973 च्या तेलटंचाईनंतर मालमोटारींच्या चालकांनीं, पेट्रोल कोठें मिळेल हें परस्परांस कळविण्यासाठीं, त्याचा भरपूर उपयोग केला. तेथें 1977 पासून 40 मार्गिका आहेत व साध्या बोलण्यास शक्तीची मर्यादा 4 वॅट आहे.

कोणताही बिनतारी संच मोटारींत बसवितांना खरें महत्त्व पेटीचें नसून एरिअलचें असतें. या लहरींची लांबी 11 मीटर. तिचा चतुर्थांश, म्हणजे पावणेतीन मीटरांची काठी, उत्तम. एवढी काठी मोटारीवर मिरविणें कठीण, म्हणून तारेचें वेटोळें घालून ती आंखूड करतात. मोटारीचा पत्रा हा एरिअलचा दुसरा अर्धा भाग असतो. यास्तव छपराचा मध्य ही सर्वांत चांगली जागा. विजेच्या दोन्ही तारा थेट बॅटरीपासून घ्याव्या व बॅटरीजवळच फ्यूज घालावा, नाहीं तर तार घांसली गेल्यास आग लागण्याचें भय. पेटी गुडघ्याला लागेल किंवा अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशवीच्या आड येईल अशी नसावी. आणि एरिअल जोडल्यावांचून बोलण्याची कळ कधींही दाबूं नये. बाहेर न गेलेली शक्ति उलटून संचाचाच घात करते.

आतां फेरफाराविषयीं. 4 वॅटांचे 8 केले तरी ऐकणाऱ्यास फरक जेमतेम जाणवतो. उलट अडाणी फेरफारानें भलत्याच लहरी उमटून इतरांच्या यंत्रांत खरखर मात्र होते. शिवाय ठाणें व डोंबिवली यांच्यामध्यें पारसिकचा डोंगर उभा आहे. आगगाडीनें बोगदा पाडून वाट काढली, पण बिचाऱ्या लहरीस तो मार्ग नाहीं!

याहून मोठी अडचण कायद्याची. आपल्याकडे 2005 च्या नियमांनीं 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यावांचून वापरण्यास मोकळीक दिली. परंतु ती 5 वॅटपर्यंतच्या व अंगचेंच एरिअल असलेल्या संचापुरती. छपरावर निराळें एरिअल बसविलें कीं ती सवलत संपली. शिवाय अमेरिकन संचांतील 28 ते 40 या मार्गिका आपल्या पट्ट्याबाहेर पडतात. म्हणजे पुतण्याच्या मनांतला बेत मुळांतच नियमांत बसत नव्हता. संकटकाळीं आधार व्हावा म्हणून आणलेलें साधन आपणच लपवून वापरावें, हें कसलें साधन?

मग मार्ग कोणता? हौशी बिनतारीचा, ज्यास लोक हॅम म्हणतात. दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन त्याचा परवाना मिळतो. वयाचीं 12 वर्षें पुरीं झालेलीं मुलेंही ती देऊं शकतात. खालच्या श्रेणीस मोर्सची कडकट्ट येण्याचीही गरज नाहीं. त्यांतील 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यास मोटारीवर अर्ध्या मीटराची काठी पुरते, आणि डोंगरमाथ्यावर पुनःक्षेपक यंत्र असल्यास पारसिकसारखा अडसरही ओलांडतां येतो. मात्र आपल्या परवान्यांत मोटारीची सोय आहे कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें. बोलणें कामापुरतें व मोकळें असावें. व्यापाराची भाषा तेथें चालत नाहीं.

पुतण्या दोन दिवस फुरंगटून बसला. तिसऱ्या दिवशीं संच कपाटांत ठेवून परीक्षेचें पुस्तक घेऊन आला. त्याची दहा वर्षांची मुलगीही शेजारीं बसून विजेचे नियम घोकूं लागली. तिला अजून दोन वर्षें थांबावें लागेल. पण पुढें कधीं पुन्हां तशी रात्र आलीच, तर ठाण्याहून येणारा आवाज चोरून आलेला नसावा, हक्कानें आलेला असावा, एवढीच या म्हाताऱ्याची इच्छा आहे.