गाळणी बाजूला ठेवा

घरात कोणी आजारी पडलं की मुगाचं वरण शिजतं आणि आधी त्याच्यावरचं पाणी काढून घेतलं जातं. बाळ सहा महिन्यांचं झालं की त्यालाही हेच पाणी चमच्याचमच्याने भरवतात. खाली राहिलेली डाळ घरातली धडधाकट माणसं जेवतात. यात माया आहे, काळजीही आहे, पण वाटणी उलटी झालेली आहे. घरच्या सार-कढणांबद्दलचे बरेचसे गैरसमज एकाच समजुतीतून निघतात: पदार्थ उकळला की त्याचा कस पाण्यात उतरतो आणि खाली उरतो तो चोथा. आपल्या जुन्या स्वयंपाकिणींच्या हाताला खरी गोष्ट ठाऊक होती. त्यांच्या कृती नीट पाहिल्या की ते कळतं.

गैरसमज: डाळीच्या पाण्यात डाळीची सगळी ताकद असते

मुगाच्या डाळीत 100 ग्रॅमला सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात. डाळ शिजताना त्यातला लहानसा भागच पाण्यात सुटतो, बाकीची प्रथिनं दाण्याच्या मगजात राहतात. पाण्यात उतरतो तो थोडा स्टार्च, काही क्षार आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं. हे घरी पाहता येतं. शिजलेली डाळ न घोटता तिचं वरचं पाणी एका काचेच्या पेल्यात काढा आणि तीच डाळ रवीने घोटून, तेवढंच पातळ करून दुसऱ्या पेल्यात ओता. दोन्ही पेले अर्धा तास तसेच राहू द्या. पहिल्यात तळाशी जेमतेम एक पिवळसर रेघ दिसेल. दुसऱ्यात पेल्याचा मोठा भाग दाट थराने भरलेला असेल. ज्याला गरज आहे त्याच्या पोटात हा दुसरा पेला जायला हवा.

बाळाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू होतं तेव्हा बाळाच्या पोटात एका वेळी साधारण दोनशे-अडीचशे मिलिलिटर मावतं. त्यातली जागा पाण्याने भरली की बाळाला पोट भरल्यासारखं वाटतं आणि मिळतं मात्र फार थोडं. म्हणून बालरोगतज्ज्ञ सांगतात की चमचा तिरका केल्यावर पाण्यासारखं ओघळून जाणार नाही इतपत दाट अन्न द्या. मऊ शिजवलेली डाळ, मऊ भात, दोन्ही एकत्र घोटून वर चमचाभर साजूक तूप घातलं की झालं. त्यासाठी वेगळं काही शिजवावं लागत नाही.

आजारी माणसाला सुरुवातीला पातळ देतात, ते बरोबरच आहे. पण ती पहिली पायरी असते, मुक्काम नव्हे. आयुर्वेदात शोधनानंतरच्या आहाराचा जो क्रम सांगितला आहे तो पातळ पेयेपासून सुरू होतो, मग दाट विलेपी, मग डाळींचं यूष, मग मांसरस. यूषसुद्धा आधी साधं आणि नंतर तूप-मीठ-मसाल्यानं सिद्ध केलेलं. आपण मात्र त्यातली पहिली पायरी लक्षात ठेवली आणि माणूस उठून बसला तरी त्याला पाणीच पाजत राहिलो. सूप हा हॉटेलातून आलेला पदार्थ आहे असं मानणाऱ्यांनीही हा क्रम एकदा डोळ्यांखालून घालावा.

आता कळण आणि कटाकडे पाहू. कोकणात कुळीथ शिजवून त्याचं पाणी वेगळं काढतात, दाण्यांची उसळ होते आणि पाण्याचं कळण. दाणे उसळीतून त्याच जेवणात येतात, त्यामुळे काही वाया जात नाही. शिवाय चांगलं कळण करणारी बाई मूठभर शिजलेले कुळीथ वाटून त्यात परत घालते, तेव्हा कुठे त्याला तो गडद तपकिरी रंग आणि अंग येतं. मग ठेचलेल्या लसणाची फोडणी, कढीपत्ता, दोन आमसुलं आणि आवडत असेल तर शेवटी नारळाचं दूध. पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीचा कट काढून आमटी करतात, कोल्हापूरकडे तिला येळवणीची आमटी म्हणतात. त्या आमटीतही पुरणातला एक गोळा किंवा थोडी शिजलेली डाळ ठेचून घालायची रीत आहे. घातली नाही तर आमटी चवीला बरी लागते, पण जिभेवर टिकत नाही. काढून घेतलेलं थोडं परत देण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

कुळथाच्या कळणाने मूतखडा विरघळतो, असं ठामपणे सांगितलं जातं. तसं खात्रीने म्हणावं एवढा पुरावा नाही. खडे होणाऱ्या माणसाने दिवसभर भरपूर पाणी प्यावं हे पक्कं आहे, आणि कळणामुळे पोटात पाणी जातं एवढं खरं. पण कंबरेतून कळ येत असेल, लघवीतून रक्त जात असेल, तर कळणावर विसंबून दिवस काढू नयेत, डॉक्टरांकडे जावं.

गैरसमज: पायासूप म्हणजे कॅल्शियमचा साठा

हाड मोडलं की पायासूप, हे आपल्या मनात घट्ट बसलेलं आहे. हाडात कॅल्शियम असतं, पण ते अशा टणक स्वरूपात असतं की तासन्‌तास उकळूनही फार थोडं पाण्यात येतं, आंबट घातलं तरी. वाटीभर पायासूपातलं कॅल्शियम वाटीभर दुधाच्या पासंगालाही पुरत नाही. गायीच्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 120 मिलिग्रॅम असतं. पायासूप गार झालं की थरथरतं ते जिलेटिनमुळे. हाडाभोवतीच्या शिरा आणि कातडीतलं कोलॅजन मंद आचेवर विरघळून ते बनतं. हे प्रथिनच आहे, पण अपुरं: शरीराला लागणाऱ्या अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅन त्यात नसतं. म्हणून सूप गाळून मांस टाकून देऊ नये, मांसही खावं. कोल्हापुरी पांढरा रस्सा मटणाच्या ताटाबरोबरच येतो, त्यात हा हिशोब आपसूक जमून जातो.

कॅल्शियम हवं असेल तर नाचणीकडे वळा. 100 ग्रॅम नाचणीत ते तीनशे मिलिग्रॅमच्या वर असतं. अर्थात एका वाटी आंबिलीला आपण दोन मोठे चमचे पीठ घेतो, म्हणजे मिळतात साठ-सत्तर मिलिग्रॅम, हेही लक्षात ठेवावं. पीठ रात्री ताकात भिजवून आंबवलं की धान्यातल्या ज्या घटकांमुळे क्षार शोषले जात नाहीत ते कमी होतात. म्हणून आंबवण्याची पायरी वगळू नये.

गैरसमज: कॉर्नफ्लोअरशिवाय सूप दाट होत नाही

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च. त्याने सूप चकचकीत होतं, पण त्यात चव नाही, तंतू नाहीत, प्रथिनं नाहीत. शिवाय टोमॅटोसारख्या आंबट पदार्थात ते फार वेळ उकळलं की पुन्हा पातळ होतं, कारण आम्लामुळे स्टार्चची साखळी तुटते.

दाटपणा आपल्या स्वयंपाकघरात जागोजागी आहे. भाताची पेज, नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ, मूठभर शिजलेली मसूरडाळ, शेंगदाण्याचं कूट, किसलेला लाल भोपळा. साताऱ्या-सोलापुराकडे हुलगे भाजून दळतात आणि त्या पिठाचं माडगं करतात, तेही याच जातीचं. पिठाच्या गुठळ्या होतात म्हणून पुष्कळजण घाबरतात. गुठळी होते ती पीठ थेट उकळत्या पाण्यात पडल्यामुळे. स्टार्च सत्तर अंशांच्या आसपास फुगतो. गरम पाण्यात पडलेल्या पिठाच्या गोळीचं बाहेरचं कवच लगेच चिकट होतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. म्हणून पीठ आधी गार पाण्यात किंवा ताकात पातळ कालवायचं, मग उकळीत धार धरायची आणि ढवळत राहायचं. नाचणी पूर्ण शिजली की तिचा मातकट फिका रंग जाऊन ती गडद आणि तकतकीत होते, कच्चा वासही जातो. तोवर गॅस बंद करू नका.

ताकाची कढी फुटते, त्याचा दोष अनेकदा मिठाला दिला जातो. खरं कारण असं की आंबट ताकातली दुधाची प्रथिनं जोराच्या आचेवर एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी होतात. डाळीचं पीठ त्यांच्यामध्ये येतं आणि गाठी होऊ देत नाही. पीठ नीट घुसळून घ्या, आच मंद ठेवा, खळखळून उकळू नका.

भाज्यांचंही तसंच. गाजर, फ्लॉवर, मक्याची कोवळी कणसं आणि अळंबी यांना ‘सूपच्या भाज्या’ म्हणून वेगळं काढण्याचं कारण नाही. बाजारात ज्याचे ढीग लागलेत आणि भाव उतरलाय, ते त्या आठवड्याचं सूप. थंडीत विदर्भात तुरीच्या शेंगा सोलून ओले दाणे मिळतात, त्यांना सोले म्हणतात. ते थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत परतायचे, निम्मे जाडसर वाटायचे, निम्मे अख्खे ठेवायचे. हिरवी मिरची, लसणाची पात आणि गरम पाणी घालून उकळी आली की घरभर वास सुटतो. शेवग्याच्या शेंगा शिजवून उभ्या चिरल्या की आतला गर चमच्याने खरवडून निघतो, त्याचं सार मुगाच्या डाळीवर घातलं तर फारच छान लागतं. उन्हाळ्यात उकडलेल्या कैरीचं सार, पावसाळ्यात भाज्या महागल्या की कडधान्यं. भाजी गाळून घेऊ नका, मऊ शिजवा आणि घोटा. गाळणीत अडकतात ते तंतू पोटासाठी हवे असतात.

गैरसमज: उकळलं की सगळी जीवनसत्त्वं जातात

सगळी जात नाहीत. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, ब गटातली काही पाण्यात उतरतात, पण सुपात ते पाणी आपण पितोच. लोह, पोटॅशियम यांसारखे क्षार उष्णतेने नाहीसे होत नाहीत. टोमॅटोचा लाल रंग ज्याच्यामुळे येतो ते लायकोपीन तर शिजवल्यावर शरीराला अधिक सहज मिळतं. भोपळ्यातलं आणि गाजरातलं कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबत शोषलं जातं, त्यामुळे भोपळ्याच्या सुपावर तुपाची फोडणी ही चैन नव्हे. क जीवनसत्त्वासाठी लिंबू गॅस बंद केल्यावर, वाढताना पिळा.

पण आंबट ते सगळं क जीवनसत्त्वाचं, असंही नाही. आमसुलाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा आणि चिंचेचा टार्टरिक आम्लाचा. दोन्हींत क जीवनसत्त्व नावापुरतंच. आमसुलाचं सार प्यावं ते त्याच्या चवीसाठी, भातावर घ्यावं, तापाने तोंड बेचव झालं असेल तर जरूर घ्यावं. क जीवनसत्त्वासाठी आवळा, पेरू, लिंबू आहेत.

गैरसमज: गरम सूप प्यायलं की सर्दी बरी होते

सर्दीचा विषाणू सुपाने मरत नाही. आराम मात्र खरा आहे आणि तो मोजलाही गेला आहे. 1978 साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना गरम पाणी, गार पाणी आणि गरम चिकन सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो ते त्यांनी पाहिलं. गरम पाण्याने वेग वाढला, चिकन सुपाने आणखी वाढला, गार पाण्याने कमी झाला. गरम पाण्याचा आणि सुपाचा परिणाम अर्ध्या तासात ओसरला. म्हणजे सर्दी झालेल्या माणसाला एकदम मोठा वाडगा देण्यापेक्षा थोडं थोडं, गरम गरम, अनेकदा द्यावं. कढण असो, कळण असो की कोंबडीचा रस्सा. मिरी, आलं, लसूण घालावं, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि जेवणावर वासना येते. मीठ बेतानं. दिवसभरात मिळून 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ पोटात जावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पाकिटातल्या तयार सुपांमधून ते नकळत बरंच जातं.

गैरसमज: रात्रीचं सूप सकाळी उकळलं की चालतं

हा सगळ्यांत धोक्याचा. डाळ, तांदूळ, मटण यांच्या पातळ पदार्थाचं पातेलं रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलं की ते तासन्‌तास कोमट राहतं. उकळूनही न मेलेले काही जिवाणूंचे बीजाणू त्या उबेत वाढू लागतात. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू एक असं विष तयार करतो की ते सकाळच्या उकळीने नष्ट होत नाही. वास येत नाही, चवही बदलत नाही, आणि उलट्या मात्र होतात. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलून उपयोग नाही, त्याचा मधला भाग फार वेळ गरम राहतो. उरलेलं सूप पसरट, उथळ भांड्यांत काढा, परात पाण्याने भरून त्यात ती भांडी ठेवा, म्हणजे लवकर निवतं, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. नारळाचं दूध, आमसूल, लिंबू आधी घालू नका. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून खळखळून उकळा आणि मग ते घाला.